बांगड्याला संत्र्याचं तेल

काटोल,
२४ फेब्रुवारी २०२५

आये, पाया पडतो. विनितावहिनी, हे तिला मोठ्यानं वाचून दाखव, पण दादा घरात नसताना.

मी बरा हाय. संत्र्याच्या सालीचं तेल काढायचं काम चालू आहे. हाताला इतका वास, की भाकरीसुद्धा संत्र्याची लागते. फोनवर तू लगेच विचारतेस, "बोटीवर कवा जातंस?" आणि माझा फोन कट होतो. ते रेंजमुळे न्हाय. म्हणून पत्र.

तू दिलेले सुके बांगडे मी सगळे खाल्ले नाहीत. आमच्याकडं तेल तपासणाऱ्या किशोरी मॅडम आहेत. त्या म्हणाल्या, या तेलात बहुतेक सगळं लिमोनीन, म्हणजे संत्र्याला वास देणारं द्रव्य, बाकीचं थेंब थेंब. पण ते सगळं मिळून दुसऱ्या तेलाला लवकर खवट होऊ देत नाही. बांगडा म्हणजे तेलच की. मला माणगावच्या बाजारातून तू परत आणलेली बांगड्यांची टोपली आठवली. खवट म्हणून गिऱ्हाइकानं तोंडावर टाकलेली.

पहिल्यांदा बांगड्यांना तेल भसाभसा चोळलं. खोलीतला दयाराम म्हणाला, "काय बे, मासोळीचं सरबत केलं का?" खाल्लं तर जीभ जळली. मग मिठात थोडेच थेंब मुरवले आणि ते मीठ लावलं. काही बांगडे तसेच ठेवले. तसे ठेवलेले पिवळे पडून खवटले. मिठातले अजून चांगले आहेत.

मॅडम म्हणाल्या, "एवढ्यावरून ठरत नाही, पुन्हा कर." पुन्हा करायला ताजी मासळी पाहिजे, आपल्याकडचं ऊन पाहिजे. तू पाहिजेस.

आये, दादाच्या बोटीवर मी जाणार न्हाय. त्या वाऱ्यात त्यानं मला केसाला धरून पाण्यातून वर घेतलं, तेव्हापासून बोटीत पाय ठेवला की मी परत किनाऱ्यावर उडी मारतो. म्हणून कधी पनवेल, कधी वापी, आता इथं. तुम्हाला वाटतं, पोरगा कुठं टिकत न्हाय.

मला तुझ्याबरोबर वाळवणात बसायचंय. मासळी उलटायचं काम बायकांचं, बाप्याचं न्हाय, माहीत आहे. आपलं अख्खं रेवदंडा गाव हसेल, दादा सगळ्यात आधी. हसू देत. तू हसलीस तर मात्र मला राहता येणार न्हाय.

शिमग्याला येतोय. तेलाची बाटली काठोकाठ भरून आणतो. आत हवा राहिली तर हे तेलही बिघडतं. तुझं होय असेल तर वाळवणात तुझ्या पाटाशेजारी आणखी एक पाट टाकून ठेव. नसेल तर काही बोलू नकोस. सण करून मी गुपचूप परत जाईन.

तुझा, जमिनीवरचा,
सुजित