कॉमचा कौल

॥ श्री ॥

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
३ एप्रिल २००५

चि. शालूस अ. उ. आ.

पत्रास कारण आपला दशरथ. तीन वर्षांपूर्वी त्याचं ते शेवटचं, पत्ता न घातलेलं कार्ड आलं होतं, ते परवा पुन्हा वाचलं. जहाज बंदराला लागलं की इंटरनेटवर आपल्या कोंडशेतचं नाव टाकून बघतो, काहीच येत नाही, असं त्यात लिहिलंय. दिव्या म्हणाली, पप्पा, मग आपणच गावाच्या नावाने वेबसाइट काढू, काका कधीतरी बघतीलच. पोरीचं डोकं माझ्यावर गेलेलं नाही हे बरं.

सहा वर्षांपूर्वी बाबा त्याला म्हणाले, माझ्या डोळ्यांसमोर येऊ नकोस. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं आणि त्याला ठाऊकही नाही. त्याच्या जहाज कंपनीला धाडलेली तिन्ही पत्रं परत आली. तो अजून तोच शब्द धरून पाण्यावर फिरतोय.

अडचण अशी, की गावाच्या नावापुढे टिंब देऊन एक शेपूट लावावं लागतं. सायबर कॅफेचा साहिल सांगतो, कॉम हे कंपन्यांचं, पण जगात सगळे आधी तेच टाकून बघतात. ऑर्ग संस्थांचं. इन आपल्या देशाचं, यंदाच सगळ्यांना खुलं झालंय. आपण काही कंपनी नाही. ऑर्ग घ्यायचं तर ग्रामस्थ मंडळाची सभा लावावी लागेल, आणि तिथे चहा होतो, निर्णय होत नाही. इन परदेशात उघडेल का हे मी तीनदा विचारलं, आता साहिल मला बघूनच हसतो. दशरथ यातलं काय टाकत असेल ते कोणालाच सांगता येत नाही. कारखान्यात ताटांना पॉलिश मारताना दिवसभर तेच डोक्यात असतं.

आपल्या घरात विहीरसुद्धा कौलाशिवाय खणलेली नाही. तू बाबाजी गुरवांकडून देवीला कौल लाव, कॉम की इन. तुझं पत्र आलं की नाव घेतो. फोन नको, दुकानातल्या फोनला अर्धा गाव कान लावून असतो.

आईच्या डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
महिपतदादा


कोंडशेत
१९ एप्रिल २००५

ति. महिपतदादास शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. बाबाजींच्या घरी सुतक होतं. दुसऱ्या गुरवाला विचारू म्हटलं, तर आईने ऐकलं नाही. काल एकदाचा कौल लागला. कॉम हा कोणाचा मुलगा, असं बाबाजींनी आधी विचारलं. मी समजावून सांगितलं, म्हणजे तुझंच पत्र वाचून दाखवलं, आणि मलाही त्यातलं काही कळलेलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं. मग देवीला दोन बाजूंनी दोन पाकळ्या चिकटवून त्यांनी गाऱ्हाणं घातलं, की आमचं लेकरू पाण्यावर आहे, कॉममध्ये सापडणार असेल तर उजवी पाकळी पाड, इनमध्ये असेल तर डावी. उजवी पडली. पुन्हा विचारलं, पुन्हा उजवी. आई देवळातच रडली.

मला मात्र दशरथभाऊच्या लग्नाचा कौल आठवला. तेव्हाही उजवीच पडली होती, आणि साखरपुडा झाल्यावर तो जहाजावर निघून गेला. देवीचा कौल मोडला म्हणून तर बाबा एवढे पेटले. मला भीती वाटते. तरी तू कॉमच घे.

दिव्याला पापा. आम्हा दोघींवर माया करतोस तशीच करत राहा.

तुझी,
शालू


गोडदेव
२६ एप्रिल २००५

चि. शालूस अ. उ. आ.

कॉम गेलं. तुझं पत्र हातात घेऊन साहिलकडे धावलो, तर १४ तारखेलाच कोणीतरी नेलेलं. तुझ्या पत्राची वाट बघत मी बसलो होतो तेव्हा. शंभर उंबऱ्यांच्या गावाचं नाव कोणाला हवं होतं, देव जाणे. मालकाचं नाव ते विकणाऱ्या कंपनीने झाकून ठेवलंय. पानावर काहीच नाही, नुसतं पांढरं, आणि खाली किती जणांनी पाहिलं ते मोजणारा आकडा. मी कोणावर रागावू, बाबाजींच्या सुतकावर? चूक माझीच आहे.

शेवटी इन घेतलं. दिव्याने बाबांचा फोटो लावला, खाली त्यांची तारीख, आणि लिहिलं की दशरथ, बाबा गेले, जाताना तुझं नाव घेतलं, कोणी रागावलेलं नाही, आई वाट बघतेय. ते कॉम सुटलं का हे बघायला ती क्लासहून येताना रोज एकदा उघडते.

कौल चुकला हे आईला सांगू नकोस. एवढं सांभाळ, आणि मलाही सांभाळून घे.

महिपतदादा


कोंडशेत
१२ ऑक्टोबर २००५

ति. दादास शि. सा. न. वि. वि.

गणपती गेले, नवरात्रही सरलं. आई रोज विचारते, कॉममध्ये काही आलं का. मी म्हणते, येईल. खोटं बोलायची सवय लागली मला. तिला आता माझा चेहरा नीट दिसत नाही, तेच बरं आहे. काय करायचं ते तू सांग, मला काही सुचत नाही.

लोभाची आठवण तुला करून द्यावी लागत नाही, तरी करते.

शालू


गोडदेव
६ नोव्हेंबर २००५

चि. शालूस अ. उ. आ.

काय करायचं ते मलाही माहीत नाही. आपल्या पानाकडे कोणी फिरकत नाही. कॉमचा आकडा दोनशेवर गेला, पण पाच-सात सोडले तर सगळे दिव्याचेच. मी तिला म्हटलं, बंद कर आता. ती ऐकत नाही.

दिवाळीचा फराळ मिळाला, चकल्या तुटून आल्या, तरी गोड लागल्या. अशीच आठवण धरून असावं.

महिपतदादा


डर्बन बंदर
९ जानेवारी २००६

ति. महिपतदादास सा. न. वि. वि.

अक्षर ओळखशील. फोन करायचं धाडस होत नाही, म्हणून लिहितोय.

गेल्या गुढीपाडव्याला जहाजावर मी एकटाच मराठी होतो. त्याच आठवड्यात आपल्या गावाच्या नावाचं कॉम विकत घेतलं. त्यावर एकच ओळ लिहायची होती, बाबा, चुकलो. नऊ महिने झाले, ती लिहून झाली नाही. परवा मंगळूरचा नवा इलेक्ट्रिशियन म्हणाला, आता इनही मिळतं. कोणी घेतलंय का बघायला टाकलं, तर बाबांचा फोटो उघडला.

मार्चअखेर करार संपतो. शिमगा चुकेल, पण येतो. आईला सांग.

एक विचारायचं आहे. मी महिन्यातून एकदा किनाऱ्यावर उतरायचो आणि माझं ते कोरं पान उघडायचो. दर वेळी आकडा तीसने वाढलेला असायचा. म्हणजे रोज एक माणूस, न चुकता. मला वाटायचं, बाबाच कोणाकडून तरी उघडून घेतात आणि मी काही लिहिलंय का ते बघतात. वेडेपणा, पण त्यावरच मी हे वर्ष काढलं. आता कळलं की ते तर दोन वर्षांपूर्वीच गेले. मग दादा, रोज कोण येत होतं?

लोभाला मी पात्र नाही, तरी ठेव.

तुझा,
दशरथ