जेट, कान आणि व्याही

१ फेब्रुवारी, रविवार
कार्ब्युरेटर खरा केवढ्याला पडला? दुकानदाराला दिले ते सोडा. सुटे भाग पसरायला बायकोची एक चांगली चादर, माझे तीन रविवार आणि एक शब्द: बावीस तारखेच्या शर्यतीत व्याह्यांना हरवलं नाही, तर गाडी शेडबाहेर आणि तिची शिलाई मशिनं आत. गणवेशांची ऑर्डर तिने घेऊनही टाकली. म्हणे, तयारी असलेली बरी.
आज गाडीत पायाखाली जाड रबरी मॅट टाकली. काय रुबाब! बायको म्हणाली, फारच जाड नाही का? तिला शर्यतीतलं काय कळतं.

४ फेब्रुवारी
बायकोने विचारलं, जेट म्हणजे काय. म्हटलं, पेट्रोल सोडणारं पितळी भोक. लहान पडलं की इंजिन उपाशी, मोठं झालं की अजीर्ण. म्हणाली, मग तुमच्यासारखंच.
व्याह्यांच्या गाडीचं इंजिन जुळवायला लॅपटॉप लावतात. मला कान आहेत. शेजारी भिंतीपलीकडे मला येडा म्हणतो, तेही स्पष्ट ऐकू येतं.

८ फेब्रुवारी, रविवार
सराव. सरळ पाव मैलाला सोळा सेकंद. व्याही चौदा. सुरुवातीला बरोबरीने असतो, मग आपली गाडी दमते. व्याही पाठीवर हात ठेवून म्हणाले, वय झालं हो... गाडीचं. मधला थांबा मी बरोब्बर ऐकला.
झेंडेवाला विचारतो, पेडल पूर्ण दाबता ना? हसलो नुसता. शेवटच्या क्षणी पाय कचरतो तो इतरांचा. माझा थेट तळाला.
दोष जेटचा आहे. कानाने सांगितलं.

१० फेब्रुवारी
मोठं जेट. गाडी खोकली. बायकोने शिवण्याआधी भिजवून वाळत घातलेलं पांढरं कापड राखाडी झालं. तिने पुन्हा भिजवलं. मग दोरी शेडपासून लांब बांधली.

११ फेब्रुवारी
लहान जेट. धूर गेला, जोरही गेला.
संकल्प: एका वेळी एकच बदल.

१२ फेब्रुवारी
चार बदल केले. आता कशामुळे काय झालं, काही कळेना. पाठ धरली आहे. हातांचा पेट्रोलचा वास साबणाने जात नाही. जेवताना बायको खुर्ची जरा लांब सरकवते.

१४ फेब्रुवारी
मॅटवर पेट्रोल सांडलं. वासाला कंटाळून बायकोने ती धुवायला नेली. मी तेवढ्यात कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव आटा फिरवला. सहजच.

१५ फेब्रुवारी, रविवार
पावणेचौदा!! पाव आटा! व्याह्यांनी घड्याळ दोनदा पाहिलं. त्यांना सांगितलं, हे लॅपटॉपमध्ये नसतं, हे कानात असतं. असा कान विकत मिळत नाही.
संकल्प: आता कशालाही हात लावायचा नाही.

२१ फेब्रुवारी
बायकोने विचारलं, मॅट हवी का, की राहू दे? उद्या फोटो निघणार. मॅटशिवाय गाडी बोडकी दिसते. सरकू नये म्हणून डिंकाने पक्की चिकटवली. बाकी कशालाही हात लावलेला नाही. शब्दाचा पक्का आहे मी.

२२ फेब्रुवारी, रविवार
सोळा. व्याही चौदा.
हवा दमट होती. पेट्रोलही भेसळीचं असणार. शिवाय उजवी लेन जरा चढाची वाटते.
 जिंकूनही व्याही माझं हेल्मेट उचलून घरापर्यंत सोबत आले. तेच जास्त लागलं.

२३ फेब्रुवारी
मशिनं आली. गाडी शेडबाहेर काढली. मी मागून ढकलत होतो, बायको स्टिअरिंगवर. ब्रेक समजून तिने भलतंच, वेगाचं पेडल दाबलं आणि ओरडली की हे अर्ध्यावरच अडतंय. म्हटलं, शक्यच नाही. मग दार उघडून वाकून पाहिलं. मॅट पेडलच्या खाली दोन बोटं जाड. पेडल तिच्यावरच टेकत होतं.
बायकोने ती सोलून काढली आणि मोठ्या मशिनखाली घातली. मशिन आता जराही हलत नाही, म्हणते.
पाव आट्याबद्दल तिने काही विचारलं नाही. पंधरा तारखेला मॅट तिच्या दोरीवर वाळत होती.