बासष्ट किलो

५ जानेवारी

कंबर गेली!

काल संध्याकाळी बाबांना बाथरूममधून खोलीत आणत होते. त्यांचा चांगला पाय घसरला, सगळा भार माझ्यावर आला आणि कमरेत कट् असा आवाज झाला. "आई गं!" म्हणून अशी किंचाळले की समोरचं दार उघडलं. बाबा फरशीवर, मी त्यांच्या शेजारी. दोघंही छताकडे बघतोय. शेवटी समोरचा शिंपी आणि खालचा वॉचमन, दोघांनी मिळून त्यांना पलंगावर ठेवलं. मग मला.

दुष्काळात तेरावा महिना! बाबांना उचलायला ठेवलेला माणूस गेल्याच आठवड्यात दुसरीकडे गेला. आता उचलणारीही आडवी.

७ जानेवारी

दादाचा फोन. "मी आधीपासूनच सांगत होतो." हो, सांगत होतास – फोनवरून. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? त्याचं एकच पालुपद, बाबांना संस्थेत ठेवू. मी ती संस्था बघून आलेय. एका खोलीत सहा पलंग, सहा माणसं एकाच भिंतीकडे तोंड करून. संध्याकाळचं जेवण दुपारी चारला, कारण स्वयंपाकीणबाईंना पाचची बस असते!

"भावनेत जाऊ नकोस. तू एकटी त्यांना उचलू शकतेस का? हो की नाही?"

"उचलून दाखवीन."

"मार्चअखेर मी येतो. बघू."

फोन ठेवल्यावर कळलं, काय बोलून बसले ते.

८ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, जड काही उचलायचं नाही. अहो, आमच्या घरात जड म्हणजे वडीलच! दुखणं थांबलं की पाठीचे स्नायू मजबूत करा, म्हणाले. आणि एक मलम.

घरी येऊन बाबांचं हॉस्पिटलचं कार्ड काढलं. नोव्हेंबर, पक्षाघाताचा झटका आला त्या दिवसाचं. वजन ६२. माझं ५१.

२२ जानेवारी

जिममध्ये नाव घातलं. या वयात! ऑफिस सुटतं सहाला, कामाला ठेवलेल्या मावशी बाबांजवळ साडेसातपर्यंत थांबतात. मधला तास माझा. म्हणजे खरं तर तोही बाबांचाच.

पहिल्या दिवशी झुंबा. भिंतभर आरसा, त्यात वीस जणी डावीकडे चालल्यात आणि मी एकटी उजवीकडे. दुसऱ्या दिवशी सायकल – चाळीस मिनिटं पाय मारले, पोचले कुठेच नाही. ते तर मी घरीही करते. आज काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "किती कमी करायचंय, मॅडम?"

"कमी नाही. उचलायचंय."

"किती?"

"बासष्ट किलो."

तिने माझ्या मनगटांकडे पाहिलं आणि आतल्या ट्रेनरबाईंना हाक मारली. पन्नाशीच्या बाई, एक गुडघा कायमचा गेलेला, पूर्वी स्पर्धांत वजन उचलायच्या. त्यांनी विचारलं, "बासष्टच का, ताई?"

"वडील आहेत."

त्या हसल्या नाहीत. "उद्यापासून माझ्याकडे या," म्हणाल्या. "नुसत्या बारपासून सुरू करू."

२ फेब्रुवारी

डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचं ओझं पाठ सरळ ठेवून उचलायचं. एवढंच. पण हे एवढंच मला एकोणपन्नास वर्षांत कुणी शिकवलं नाही. घरात खुद्द पीटीचे मास्तर असूनही!

आज लिहूनच टाकते. मी सातवीत, बाबा आमच्याच शाळेत. क्रीडादिनाला अख्ख्या मैदानासमोर शिट्टी वाजवून मला शर्यतीच्या रेषेवरून बाहेर काढलं. "काडी, तू नको. मोडशील!" सगळं मैदान हसलं. तेव्हापासून शाळाभर माझं नाव काडी. दादा अजूनही तेच म्हणतो. मी परत कधी धावले नाही.

आता त्याच बाबांना शब्द सापडत नाहीत. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आयुष्यभर घोकलेलं तेवढं शिल्लक राहतं. यांचं काय शिल्लक राहिलं? "एक, दोन, तीन, चार." तहान लागली की एक-दोन-तीन-चार, दिवा बंद कर – एक-दोन-तीन-चार. मी उचलायला वाकले की तेच, कवायत घेतल्यासारखं. अंगाचा तिळपापड होतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही.

९ फेब्रुवारी

तीस किलो. आमच्या कुरियर ऑफिसात पार्सल काट्यावर ठेवताना कमरेतून वाकले नाही, गुडघ्यातून वाकले. शेजारच्या काउंटरवरची म्हणाली, "काय गं, बॉडी करतेस म्हणे! कुणासाठी?" खी-खी.

दिवसभर दुसऱ्यांची ओझी जोखायची – खोक्यासकट इतकं, खोकं वजा इतकं – आणि वर हे ऐकायचं.

१५ फेब्रुवारी

बाबांनी रात्रीचं जेवण परत पाठवलं. सूप अर्धं, अंडं अख्खं. चमचा पुढे केला की तोंड घट्ट मिटतात आणि भिंतीकडे मान फिरवतात. ऑफिस, जिम, मग स्वयंपाक, आणि वर यांचे हे नखरे! चिडून वाटी आपटली. "नका खाऊ. मला काय!" म्हटलं. खरंच म्हटलं असं. लिहिताना लाज वाटतेय, पण म्हटलं.

मावशी म्हणतात, म्हातारपणी पोट लहान होतं.

२३ फेब्रुवारी

अंग एवढं दुखतंय की पेन धरवत नाही.

४ मार्च

आज एकटीने केलं! चाकांच्या खुर्चीतून पलंगावर. कुणाला हाक नाही, किंचाळणं नाही. त्यांच्या काखेखालून हात, माझे गुडघे त्यांच्या गुडघ्यांना टेकलेले, पाठ सरळ – आणि वर! थोडंसं "आई गं" निघालं तोंडातून, पण कमरेने कुरकुर केली नाही. बाबांचं आपलं एक-दोन-तीन-चार चालूच. मी म्हटलं, "बघितलंत? मोडली का काडी?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. शाबासकी? ती या घरात पूर्वीही मिळत नव्हती.

११ मार्च

गंमत आहे. जिममध्ये पंचेचाळीसलाच डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि घरी मात्र बाबा अलगद येतात. ट्रेनरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "लोखंड मदत करत नाही, माणूस करतो. त्यांच्या चांगल्या पायात जोर येत असेल." असेल. मला आपलं वाटतं, रागाचीही ताकद असते.

मावशींना बोलले – पायजमे किती गरम पाण्यात बुडवता? सगळे सैल झालेत, नाडी दोनदा गुंडाळावी लागते. त्या कपडे घेऊन आत गेल्या.

१९ मार्च

उशीर, ऑफिसात खोक्यांचा डोंगर. जिम बुडाली. बाबांनी दूधही घेतलं नाही. हट्टी ते हट्टीच.

३१ मार्च

दादा आला. बूट न काढताच खोलीच्या दारात उभा राहिला, मोबाईल समोर धरून. व्हिडिओ काढायचा होता म्हणे, वहिनीला दाखवायला. तमाशाच की!

मी खुर्चीचा ब्रेक लावला. पाय रोवले. बाबांनी डावा हात माझ्या खांद्यावर टाकला. एक, दोन, तीन, चार – आणि वर. पलंगावर बसवलं, पाय उचलून नीट ठेवले, उशी दिली. दादाने मोबाईल खाली केला.

"अगं, तू तर पार पैलवान झालीस की!"

"संस्थेचं काय?"

"राहू दे. जमतंय तोवर राहू दे."

जिंकले! त्याचा चहा होईपर्यंत बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. दुःखाने नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा या घरात कुणी मला रेषेवरून बाहेर काढलं नाही.

दादा जाताना म्हणाला, "बाबा जरा उतरलेत का गं?" आला आहेस दोन वर्षांनी, तर उतरलेलेच दिसणार, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

६ एप्रिल

पन्नास किलो. पुढे जात नाही. बार जमिनीला चिकटल्यासारखा बसतो. ट्रेनरबाई म्हणतात घाई नको. मला कुठे घाई आहे? माझं बासष्टचं काम घरी रोज होतंय.

१५ एप्रिल

बाबांना तपासणीला नेलं. गोळ्यांचा डोस ठरवायला वजन हवं होतं. मी ऐटीत सांगितलं, "बासष्ट."

"कधीचं?" सिस्टर म्हणाली, आणि खुर्ची तशीच ढकलत जमिनीतल्या सपाट काट्यावर नेली. आकडा आला. बासष्ट.

"बघा. बासष्टच!"

"ताई, खुर्चीसकट."

मला! दिवसभर खोकं वजा करत बसणाऱ्या मला सांगावं लागलं! खुर्चीचे चौदा. राहिले अठ्ठेचाळीस.

सिस्टर विचारत होती, जेवतात का, गिळताना ठसका लागतो का, पोट दुखतं का. मी प्रत्येकाला नाही-नाही म्हणत होते. डॉक्टरांनी घसा पाहिला, पोट दाबलं, रक्त घेतलं. गिळण्यात दोष नाही म्हणाले. मग काय? रोज या माणसाला मिठीत घेऊन उचलत होते मी. हाडं हाताला लागत होती. लागत होतीच! आणि मला वाटत होतं, माझे दंड भरलेत.

काल त्यांचा पायजमा बांधताना नाडी तीनदा गुंडाळली होती.

१६ एप्रिल

रक्तात काही नाही. मावशींवर तुटून पडले. दुपारचं खाऊ घालता की स्वतःच खाता, इथपर्यंत बोलले. सहा महिने घर सांभाळणाऱ्या बाईला! त्यांनी हातातला टॉवेल खाली ठेवला.

"ताई, बोलू नये असं ठरवलं होतं. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट, सुटेल आपोआप."

"कसला हट्ट?"

"तुम्ही त्यांना उचलताना 'आई गं' म्हणता ना, त्या दिवशी ते तोंड उघडत नाहीत. ज्या दिवशी आवाज न करता उचलता, त्या दिवशी दोन घास घेतात. पडलात तेव्हापासून असंच चाललंय. मी जबरदस्ती केली तर हात धरतात माझा."

मी जवळजवळ रोजच म्हणते. सवयच झालीये. उठताना, बसताना, चपला घालताना.

ऑफिसला गेले नाही. बाबांच्या पलंगाशी बसून राहिले. आधी आला तो रागच! म्हणजे याही वेळी माझ्यावर भरवसा नाही. मी इकडे लोखंड उपसतेय, आणि यांनी तिकडे ठरवूनच टाकलंय, काडीला झेपायचं नाही, ओझंच कमी करू. पुन्हा शिट्टी, पुन्हा रेषेबाहेर. आणि मी दादासमोर छाती काढून उभी राहिले होते!

"मुद्दाम करता ना, बाबा?" विचारलं. "मला जमणार नाही असं वाटतं ना तुम्हाला?"

त्यांनी डावा हात पांघरुणातून काढला आणि माझ्या पाठीवर फिरवत फिरवत खाली नेला. जानेवारीत कट् झालं होतं नेमकं तिथे आणून ठेवला. "एक," म्हणाले. "दोन." पुढे म्हणता आलं नाही, ओठ नुसते हलत राहिले.

मैदानावर शिट्टी वाजवली तेव्हा मला तापातून उठून तीनच दिवस झाले होते. आई हे सांगायची. मी कधी ऐकूनच घेतलं नाही.

१७ एप्रिल

वाटीत मऊ भात, वर दूध. तोंड बंद. मी उभी राहिले आणि त्यांच्याच मैदानावरच्या आवाजात ओरडले, "एक!"

दचकून तोंड उघडलं.

"दोन!" – "तीन!" – "चार!" आणि पुन्हा एकपासून. बावीस चमचे. मग त्यांना उचलून खुर्चीत बसवलं, ओठ दाबून, चकार शब्द न काढता.

संध्याकाळी ट्रेनरबाईंना सांगितलं – पन्नासवर थांबून चालायचं नाही. घरचं वजन वाढणार आहे.