इमोजेन क्रॉलीच्या झेलाबाबत

मी, रोवेना मार्गरेट स्टॅनबरी, वय एकोणतीस, पूर्वी काउंटीची यष्टीरक्षक, आता त्याच काउंटीत मुलींची प्रशिक्षक, राहणार ब्रॅकनहोम, इंग्लंड, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डोकं ठिकाणावर आहे. काळजी वाटते, पण ती मला नेहमीच वाटते. हे लिही असं मला कोणी सांगितलेलं नाही. लिहू नकोस असं मात्र एकाने सांगितलं आहे, आणि ते माझे वडील. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. ग्लोव्हजच्या तीन जोड्या, पॅड आणि चेंडूंची पिशवी पंधरा वर्षांखालील मुलींच्या संघाला. चेंडू अकरा आहेत. बारावा जूनमध्ये छपरावर गेला, तो कोणी चोरलेला नाही.

२. बँकेतली शिल्लक, गाडी, आणि ज्याची वेगळी वाटणी इथे केलेली नाही किंवा केलेली लागू झाली नाही, ते सगळं माझे वडील क्लाइव्ह स्टॅनबरी यांना. इथे ‘प्रेमाने’ असं लिहिणार होते. तो शब्द आज खरा आहे की नाही हे ठरवता येत नाही, म्हणून लिहीत नाही. अकराव्या वर्षापर्यंत त्यांनीच मला घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं. बेरीज-वजाबाकी धावांच्या वहीवर. आठव्या वर्षी पायाला लागून मिळालेला एक लेगबाय मी चुकून फलंदाजाच्या नावावर मांडला, तर त्यांनी अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं.

३. काउंटी क्लबच्या समितीला काहीही नाही. चार मोसम त्यांच्या तोंडी मी ‘क्लाइव्हची पोरगी’ होते. बोट मोडल्यावर त्यांनी दोन ओळींच्या पत्राने मला काढलं, आणि पंधरा दिवसांनी मुलींना शिकवायला बोलावलं. कुठे माझा फोटो लावलाच तर खाली पूर्ण नाव लिहावं.

४. माझी काउंटीची टोपी इमोजेन क्रॉली हिला. ही टोपी पहिल्या संघात जागा पक्की झाली की देतात. ती तिची होती, कारण खाली देते.

नऊ वर्षांपूर्वी यष्टीरक्षकाची जागा एकच होती आणि आम्ही दोघी होतो. निवडीच्या सामन्यात आम्ही एकमेकींविरुद्ध खेळलो. इमोजेन सत्तेचाळीसवर खेळत होती. चेंडू तिच्या बॅटची कड घेऊन आला, मी उजवीकडे झेपावले. पंचांच्या नजरेआड गोलंदाज आली, त्यांना दिसलं नाही. असं झालं की आमच्यात फलंदाज झेल घेणारीला विचारते आणि ती सांगेल ते मानते.

“रो, वरच्या वर घेतलास ना?” इमोजेनने विचारलं.

चेंडू आधी गवताला लागला होता. माझ्या बोटांना कळलं होतं. मी हो म्हटलं. ती लगेच ग्लोव्हज काढत चालू लागली.

जागा मला मिळाली. एकसष्ट सामने खेळले, एकशे बारा झेल घेतले. त्यातला एकही खोटा नाही. पण ते सगळे त्या एका खोट्यामुळे मिळाले. इमोजेनने त्याच वर्षी खेळ सोडला. ती आता रोपवाटिकेत काम करते.

वडील तेव्हा संघाचे प्रशिक्षक होते आणि अगदी बाजूला बसले होते. त्यांना दिसलं होतं. परतताना गाडीत मी बोलायला लागले, तर म्हणाले, “पंचांनी विचारलं का तुला? नाही ना? मग रडू नकोस, खिडकी लाव.” परवा पुन्हा विषय काढला, तर म्हणाले, “सरावाच्या नव्या इमारतीला माझं नाव देतायत, रो. एवढं वर्ष जाऊ दे.” माझं वर्ष जाईल की नाही, हे त्यांनी विचारलं नाही.

मी मुलींना पाय कसे टाकायचे, चेंडूवर नजर कशी ठेवायची, सगळं शिकवते. झेलाबद्दल विचारलं तर काय सांगायचं, हे कधीच शिकवलं नाही. एकीने विचारलं होतं, तेव्हा मी सगळ्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या.

५. अंमलबजावणी शेजारच्या डॉरीन बकल यांनी करावी.

इथपर्यंत काल लिहिलं. मी मेल्यावर हे इमोजेनला कळणं मला पळपुटेपणाचं वाटलं. म्हणून आज तिला घरी बोलावलं आणि डॉरीनच्या देखत चौथं कलम वाचून दाखवलं. तिने कागद माझ्या हातातून घेऊन ते स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाली, “वरच्या वर गेला म्हणून मी त्या फटक्याला नऊ वर्षं शिव्या घातल्यात.”

मी माफी मागितली. तिने विचारलं, साक्षीदार किती लागतात? दोन, मी म्हटलं, आणि डॉरीन एक आहेत. मी करते सही, ती म्हणाली. मला सांगणं भाग होतं की साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. तिने सही केली तर टोपी माझ्या वडिलांकडे जाईल.

“कलम खोडणार नाहीस ना?”

“नाही.”

“मग जाऊ दे त्यांच्याकडे. डॉरीन, आधी हे वाचून दाखवा त्यांना, मोठ्याने. मग टोपी हातात द्या.”

डॉरीन यांनी तसंच करावं. माफ केलं, असं इमोजेन म्हणाली नाही.

दोघींच्या समोर मी सही केली, आणि माझ्या समोर दोघींनी.

रोवेना मार्गरेट स्टॅनबरी

साक्षीदार:
डॉरीन बकल, शेजारीण
इमोजेन क्रॉली, यष्टीरक्षक

ब्रॅकनहोम, बुधवार, ११ सप्टेंबर २०२४