करडईचा साबण

आई, तुला जाऊन आता पंचेचाळीस वर्षं होत आली. मी तुझ्याहून पुष्कळ म्हातारी झाले आहे. तुझ्याविषयी कुणी विचारलं तर मी सांगते, माझी आई साबण करायची. तरुणपणी हे सांगताना माझी जीभ अडखळायची. आता सांगते तेव्हा ऐकणारा कंटाळेपर्यंत सांगते.

वडील गेल्यावर तू मिशनच्या दवाखान्यात कपडे धुवायला जात होतीस. तिथल्या नर्सबाईंनी तुला साबण शिकवला. खोबरेल तेल, पाण्यात विरघळवलेला कॉस्टिक सोडा आणि दोन्ही घट्ट होईपर्यंत ढवळत राहणं. आपल्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात चुलीच्या एका अंगाला भाकरी आणि दुसऱ्या अंगाला साबणाचा लाकडी साचा. विणकरांच्या आळीतल्या बायका तुझाच साबण मागायच्या, कारण त्यानं हाताला लागलेला सुताचा रंग निघायचा आणि कातडी सोलवटायची नाही. त्या साबणावर मी शिकले आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले.

सन तीसच्या आगेमागची, मी नुकती शाळेत शिकवायला लागले होते तेव्हाची गोष्ट. नाताळ तोंडावर आला होता. पेठेतल्या एका दुकानदारानं तुझ्याकडे पहिल्यांदाच मोठी मागणी नोंदवली आणि नेमकं तेव्हाच खोबरेल मिळेना. आपल्याकडे करडईला काय तोटा! तू घाण्यावरून करडईचं तेल आणलंस, सोड्याचं माप मात्र नेहमीचंच ठेवलंस. वड्या दिसायला सुरेख झाल्या. दुकानात पाठवायच्या आधी तू त्या नेहमीच्या आठ घरी दिल्यास.

चौथ्या दिवशी मी शाळेतून येते तर दारात एक विणकरीण उभी आहे. दोन्ही तळवे पुढं केलेले, लालभडक, बोटांच्या बेचक्यांत फोड. "बाई, हात बगा की माजे. लई आग होतीया. ह्या हातानं सूत कसं धरू?" तू आत जाऊन वडीचा तुकडा जिभेला लावलास आणि झटक्यानं थुंकलीस. "जळतंय," म्हणालीस. "दर खेपेला मी चाखून बघते. ह्या खेपेला घाई केली, न्हाई बघितलं."

बातमी चर्चपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांच्या बाई तुझा हात धरून मायेनं म्हणाल्या, "प्रभू तुमची परीक्षा बघतोय हो." तू म्हणालीस, "प्रभूनं काय केलं, बाई? तेल मी बदललं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येताना मी तुला सांगितलं, मी तर प्रार्थना केलीय की हे शाळेत कुणाला कळू नये. तू रस्त्यात थांबलीस. माझ्यावर तू फारशी कधी रागावली नाहीस, पण त्या दिवशी तुझा आवाज चढला. "असली प्रार्थना करतात व्हय? आपली चूक झाकायला प्रभू काय आपला गडी हाय?"

दुसऱ्या दिवशी तू घरात उरलेलं डोक्याचं खोबरेल एका वाटीत घेतलंस आणि त्या घरांकडे निघालीस. मी मागून पाण्याची कळशी घेऊन. तू प्रत्येकीसमोर जमिनीवर बसायचीस, तिचे हात गार पाण्यानं धुवायचीस, तेल लावायचीस, वड्या परत मागून घ्यायचीस. एकीनं तर वडी गटारात भिरकावली आणि तोंडाला येईल ते बोलली. तू ती वडी उचललीस आणि म्हणालीस, "चुकले मी." तेवढंच. दुकानदाराची मागणी गेली ती गेलीच. त्या नाताळाला आपल्याकडे करंज्या झाल्या नाहीत.

मला वाटलं, आता तू परत दवाखान्यात कपडे धुवायला जाशील. पण तू पाटी घेऊन मुलांच्या शाळेतल्या शास्त्राच्या मास्तरांच्या घरी गेलीस. शास्त्र म्हणजे तोवर तुझ्या लेखी एकच, पवित्र शास्त्र, आपलं बायबल! तेही तू बोट ठेवून, अक्षर लावत वाचायचीस. मास्तरांनी तुला सांगितलं, "प्रत्येक तेलाची भूक वेगळी. खोबरेल सोडा जास्त खातं, करडई कमी. तेलानं खाऊन उरलेला सोडा माणसाचा हात खातो." तू हसलीस. "म्हणजे मी करडईला जबरदस्तीनं जेवू घातलं की!" इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसलीस. पुढं खोबरेल मिळालं तेव्हा परत आणलेल्या आणि दुकानासाठी केलेल्या सगळ्या वड्या तू किसून त्यात नव्यानं शिजवल्यास. आठ दिवस तो साबण फक्त तुझ्या हाताला लावलास आणि मग आळीत गेलीस. ती पहिली विणकरीण म्हणाली, "आदी तुमी लावा माज्यासमोर. मग मी." तू लावलास. मग तिनं लावला. धंदा हळूहळू पुन्हा उभा राहिला, पूर्वीपेक्षा लहानच, पण तुझ्या मरणापर्यंत चालला.

मी मुख्याध्यापिका असताना गुणांच्या बेरजेत माझी चूक झाली आणि मंद्रूप गावची एक मुलगी नापास ठरली. कारकून म्हणाले, "बाई, पत्र पाठवून देऊ." मी एसटीत बसून तिच्या घरी गेले, तिच्या आईबापांसमोर चूक कबूल केली. लोकांनी माझं फार कौतुक केलं. ते तुझं होतं, आई. प्रभूचे मी पुष्कळ आभार मानते, पण त्यात तुझा वाटा मोठा असतो.

तरी एक गोष्ट तुला सांगायची राहिली, आणि हे पत्र कुठं टाकायचंच नाही म्हणून लिहिता येते. आठातली सात घरं आपण दोघींनी केली. आठवं घर मी शिकवायचे त्या वर्गातल्या एका मुलीचं होतं. तू दमली होतीस. वाटी माझ्या हातात देऊन म्हणालीस, "तू जाऊन ये, तुझी ओळख हाय." मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. ती मुलगी ओट्यावर बसली होती. मी मागं फिरले, तेल मातीत ओतलं आणि तुला येऊन सांगितलं, जाऊन आले, वडी त्यांनी आधीच टाकून दिली होती, बाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी प्रार्थनेत तू आठही घरांसाठी आभार मानलेस, त्या घरच्या बाईंसाठी जरा जास्तच, आणि मी आमेन म्हणाले.