मधला प्रांत टाळून

दादा,

तू उठशील तेव्हा मी प्रशिक्षकबाईंच्या गाडीत असेन. नेमबाजीच्या निवड स्पर्धेला मी तुझ्याबरोबर येत नाही. स्टेपनीखाली रायफल लपवायला तू केलेली जागा रिकामीच राहील.

माझा परवाना आपल्या प्रांतात चालतो, स्पर्धेच्या प्रांतातही चालतो. मधल्या प्रांताचं परवानगीपत्र मात्र आलेलं नाही. म्हणून आम्ही त्याला वळसा घालून जाणार आहोत. नऊ तास जास्त लागतील. रायफल कुलूपबंद पेटीत आहे, काडतुसं वेगळ्या डब्यात, कागद माझ्या मांडीवर.

"तू कविता वाच गं, रस्ते मला कळतात," असं काल तू हसत म्हणालास. गेल्या वर्षीही तुला रस्ते कळत होते. त्याच मधल्या प्रांताच्या नाक्यावर तू 'कॅमेऱ्याचा स्टँड आहे' असं ठोकून दिलंस, शिपायाने पेटी उघडली, आणि माझी रायफल पाच महिने परक्या ठाण्यात पडून राहिली. स्पर्धा माझ्यावाचून पार पडली. तू बोलत होतास तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत गप्प बसले होते. तुझ्या थापेपेक्षा त्या मौनाची लाज मला अधिक वाटते.

दूध तापवून ठेवलं आहे. बाबांना खरं तेच सांग. बाहेर धुकं इतकं दाट आहे की फाटकापुढचं जग कुणीतरी खोडून टाकल्यासारखं दिसतं, तरीही निघते. मागे येऊ नकोस.

कदाचित मी हरेनही. पण या खेपेला रायफल खांद्याला लावून हरेन.

धाकटी