डावा मागचा दिवा

काच बसली. चौथा स्क्रू घट्ट करून मी बटण दाबलं आणि गाडीच्या मागे जाऊन पाहिलं. दिवा लागला होता. आता स्वयंपाकघरात येऊन हात पुसले आहेत आणि लिहायला बसले आहे. समोर टेबलावर, टॉवेलवर, दुसरा एक दिवा आहे. आज दुपारपर्यंत तो माझ्या गाडीवर होता. या कागदाचं कारण तो आहे.

मी, वेल्मा ऑगस्टा ट्रास्क, वय बहात्तर, अविवाहित, राहणार लँकेस्टर, कॅलिफोर्निया, माझं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हृदय तितकंसं नाही; डॉक्टर पुढच्या उन्हाळ्याबद्दल बोलायचं टाळतात. मला कोणीही भरीस घातलेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या वडिलांनीही केलं नव्हतं, आणि त्याचा परिणाम मी पंचेचाळीस वर्षं पाहते आहे.

१. राहतं घर आणि मागची शेड माझी भाची लोरेटा हिला द्यावी. ती माझा धाकटा भाऊ हार्लन याची मुलगी. ती शाळेची बस चालवते आणि ब्रेक उशिरा दाबत नाही. शेडची जमीन उताराची आहे. तिच्यावर उभं राहून कशाचीही पातळी पाहू नये.

२. बँकेत जे असेल त्यातून माझ्या दहनाचा खर्च करावा, उरलेलं लोरेटाचं. राख एल मिराजच्या कोरड्या तलावावर न्यावी, वारा पडलेला पाहून. मी तिथे पुष्कळांची धूळ खाल्ली आहे. माझी कोणाला खायला लागू नये.

३. हातोडे, कातऱ्या आणि वाळू भरलेली चामड्याची पिशवी तंत्रशाळेच्या पत्राकामाच्या वर्गाला द्यावी. युद्धात मी विमानाच्या कारखान्यात होते तेव्हापासूनची ही हत्यारं आहेत. पिशवीतली वाळू बदलू नये. पत्रा सपाट असतो. पिशवीवर ठेवून ठोकत गेलं की तो उचलतो, फुगतो, त्याला पाठ येते. मी हे हजारो वेळा केलं आहे. दर वेळी मला ते खरं वाटायला थोडा वेळ लागतो.

४. माझी हॉट रॉड, म्हणजे १९३२ची बिनछताची फोर्ड, लोरेटाला द्यावी. ती मी कापली, खाली बसवली, मोठं इंजिन घातलं. १९४९ साली तलावावरच्या शर्यतीत ती ताशी एकशे एकवीस मैल धावली. चालवत हार्लन होता, कारण शर्यतीच्या क्लबात बायकांना चालवायला बंदी होती. त्या क्लबाला माझ्याकडून काहीही मिळणार नाही, जुना फोटोसुद्धा नाही.

गाडीचे मागचे दोन्ही दिवे आता माझ्या हातचे आहेत. ते बदलू नयेत. ते कसे झाले ते पुढच्या कलमात आहे.

५. टेबलावरचा दिवा माझा भाऊ हार्लन ट्रास्क याला द्यावा. तो गल्लीच्या पलीकडे राहतो. छत्तीस पावलं. मी ती खिडकीतून मोजलेली आहेत, चाललेली नाहीत.

हा दिवा बाबांच्या मोटारीचा. ती १९३७ची होती आणि तिची कंपनी केव्हाच बंद पडली. बाबा विहिरी खणायचे. ते मोटारीत पुढे जायचे आणि आई पाइपांनी भरलेला ट्रक घेऊन मागे. आम्ही दोघं आईशेजारी. १९३९च्या नोव्हेंबरात भर दुपारी धुळीचं वादळ आलं. ट्रकचं नाक दिसेना. थांबलो असतो तर बाबा हरवले असते. पुढे फक्त दोन लाल ठिपके होते. मोटार नव्हती, रस्ता नव्हता, जमीन नव्हती. दोन ठिपके अधांतरी, एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर, पुढे चाललेले.

आई म्हणाली, "वेल्मा, तू डावा बघ. हार्लन, तू उजवा. दिसतोय तोवर ओरडत राहा."

"डावा दिसतोय!"

"उजवा दिसतोय!"

अकरा मैल आम्ही ओरडत गेलो. मी पंधरा वर्षांची होते, हार्लन तेरा. त्यानंतर मी चर्चमध्ये कितीदा गुडघे टेकले, पण तितक्या एकाग्रतेने मी पुन्हा कशाकडेही पाहिलेलं नाही.

१९५१ मध्ये बाबा गेले. मोटार मला ठेवायची होती. कागद नव्हता. मी कामावर असताना हार्लनने ती भंगारवाल्याला विकून टाकली. मी पोचले तेव्हा तिची चाकं निघाली होती आणि हार्लन खाली बसून उजवा दिवा सोडवत होता. वर न बघता तो म्हणाला, "डावा तुझा. घे, नाहीतर तोही जाईल."

मी घेतला.

त्या मोटारीचं मडगार्ड लांब उताराचं होतं, माझ्या फोर्डचं गोल. दिवा तसाच लावला तर त्याचं टोक आभाळाकडे जाई. म्हणून मी त्याच्या बुडाखाली लाकडाची पाचर घासून बसवली, तिच्यावर पत्रा ओढला, सहा व्होल्टचा बल्ब काढून बारा व्होल्टचा घातला. डावी बाजू झाली. उजवी करण्यासाठी १९५७ मध्ये डाव्याचा कागदी साचा घेतला आणि तीन आठवडे पत्रा ठोकला. उजव्या मडगार्डवर धरून पाहिला तर टोक बाहेर वळलेलं. मी कागद उलटा करायला विसरले होते. तीन आठवडे राबून मी आणखी एक डावा केला होता.

मग कागद उलटा केला आणि उजवा केला. चुकलेला डावा पोत्यात गुंडाळून फळीवर ठेवला. माझ्यासारख्या कारागिराला असली चूक कोणाला दाखवायची नसते.

पुढच्या वर्षी हार्लन शेडमध्ये आला. टोपी हातात होती. त्यानेही एक हॉट रॉड बांधली होती, तिच्यावर उजवा दिवा बसवला होता. तो इंजिनाचा माणूस. त्याने पत्र्याला हात लावला की पत्रा रडतो.

"वेल, मला एक डावा करून देशील?"

"मोटार भंगारात घालताना विचारलं होतंस मला?"

"आईच्या दवाखान्याच्या बिलासाठी घातली गं. तुला सांगितलं असतं तर तू शेड विकली असतीस."

"स्वतः ठोक," मी म्हणाले.

चुकलेला डावा माझ्या डोक्यामागे दोन हातांवर होता. हार्लनला हवी असलेली जगातली एकमेव वस्तू मी चुकून आधीच बनवून ठेवली होती. हे मला त्याच क्षणी कळलं. आणि तरी मी त्याला जाऊ दिलं.

तेव्हापासून तो एका दिव्यावर गाडी चालवतो. पोलिसांनी अडवलं की सांगतो, डावा बहिणीकडे आहे. आम्ही लोरेटामार्फत बोलतो.

आज दुपारी मी पोतं उघडलं. इतक्या वर्षांत चुकलेल्या डाव्यावर गंजाचा ठिपका नाही. दोन्ही डावे शेजारी ठेवले, डोळे मिटून बोटं फिरवली. बाबांचा कोणता, ते पत्र्यावरून मला सांगता येईना. सांगितलं ते काचेने. माझी काच ट्रकच्या दिव्याची, घासून आणलेली. बाबांच्या काचेत आतून बारीक पन्हळी आहेत. उजेड त्यांतून जाताना उभा राहतो, पाण्यासारखा. तशी काच मला कधी जमली नाही. कोणी ओतली असेल, माहीत नाही.

हार्लनला चुकलेला डावा द्यावा असं आधी ठरवलं होतं. मग ते बदललं. चुकलेला मी माझ्या गाडीवर बसवला आहे. बाबांचा त्याला जावा. त्या दोन काचा १९५१ पासून एकत्र लागलेल्या नाहीत.

तो घेईल की नाही, मला ठाऊक नाही. नाही म्हणाला तर दिवा माझ्याबरोबर जाळू नये. लोरेटाने त्याच्या पायरीवर ठेवून यावं.

६. साक्षीदार दोन. एक एर्नेस्टो व्हियालोबोस, शेजारी. या कागदातून ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या. एर्नेस्टो मला आदराने स्पॅनिशमध्ये 'दोन्या' म्हणतो. तो म्हणाला, "म्हणजे वीस वर्षं तुमचं इंजिन उचलायला धावलो, दोन्या वेल्मा, त्याचं बक्षीस हेच की मला काही नाही?" हेच, मी म्हणाले. दुसरा साक्षीदार उद्या सकाळी शोधायचा आहे.

७. दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलेलं. एर्नेस्टो आला तेव्हा मी त्याला म्हटलं, चल, आधी एक काम आहे. छत्तीस पावलं चालले. दोनदा थांबावं लागलं. हार्लनने दार उघडलं.

"कोण मेलं?" तो म्हणाला.

"अजून कोणी नाही. मेल्यावर तुला हा मिळणार आहे." मी टॉवेल उघडला. पोत्याची गोष्टही सांगितली, सगळी.

त्याने वाकून काचेतल्या पन्हळी पाहिल्या. "अडतीस वर्षं?"

"हो."

"मूर्ख आहेस तू."

"हो."

"मेल्यावर नको मला. आता दे."

मी दिला. पाचर मी धरली आणि स्क्रू त्याने फिरवले. एर्नेस्टोला गाडीत बसवून ब्रेक दाबायला सांगितलं. आम्ही दोघं मागे गल्लीत उभे राहिलो. समोरून ऊन होतं, तरी दिसलं.

"उजवा दिसतोय," हार्लन म्हणाला.

"डावा दिसतोय," मी म्हणाले.

सबब कलम ५ मधलं देणं रद्द. ती वस्तू आता माझी नाही. हार्लनला या कागदातून काही मिळत नाही, म्हणून दुसरा साक्षीदार तो.

सही: वेल्मा ऑगस्टा ट्रास्क

साक्षीदार: एर्नेस्टो व्हियालोबोस
साक्षीदार: हार्लन ट्रास्क, भाऊ

लँकेस्टर, १२ ऑक्टोबर १९९६